चौदा आणि अठ्ठावीस

दर महिन्याच्या चौदाला आणि अठ्ठावीसला
हिल्के सायकल काढायचा.
वारा असो, गारा असोत, घरात मयत असो.
खांद्यावर फितीचं रीळ, फितीच्या टोकाला
अंगठ्याएवढी पितळी घंटा, आतून पोकळ.
वाळूत गाडलेल्या नळीत ती सोडायची,
श्वास धरायचा,
पाण्याला टेकली की ती बोलायची: डुब.
आकडा पेन्सिलीनंच लिहायचा.
शाई या हवेत टिकत नाही.

हिल्के माझा बाप.
आता फीत माझ्याकडे आहे.

उत्तर समुद्र एका अंगाला, वाडन दुसऱ्या,
मधे आमचं बेट, आणि बेटाच्या पोटात
अजून एक बेट, पाण्याचं.
टेकड्यांवर पडलेला, मुरलेला पाऊस
खाऱ्यावर तरंगत राहिलाय, गोडा.
बाप वीत उघडून दाखवायचा:
समुद्राहून एवढं वर उभं राहिलं
तर खाली चाळीस विती पाय सोडतं.
आणि वरची वीत गेली की...
इथं तो नाक शिंकरायचा.

आजीच्या लहानपणी वाळू चालायची.
एका रात्रीत कोबीच्या वाफ्यावर येऊन बसायची,
न बोलावलेल्या व्याह्यासारखी.
मग सरकारनं शाळेला सुटी दिली
आणि पोरांच्या हातात गवताचे ठोंब.
गवतामागून पाइनची रोपं, शेकडा चौदा सेंट.
येल्त्ये आजीनं त्या पैशांत
बूट घेतले होते, आयुष्यातले पहिले नवे.

वाळू थांबली.
पाइन मात्र थांबले नाहीत.
त्यांना पानगळ नाही, हिवाळ्याची रजा नाही,
पाऊस सुयांवरच अडवायचा, उरला तो मुळांनी.
त्यात उन्हाळी पाहुणे, खोलीगणिक शॉवर.
टेकड्यांमधल्या तळ्यांची डबकी झाली,
डबक्यांचा चिखल,
आणि चिखलातली पाच पाकळ्यांची पांढरी फुलं
बापाला दाखवायला माझ्या वेळी उरली नाहीत.

वहीत आरडाओरडा नाही.
या वर्षी एक सेंटिमीटर. दोन वर्षं काहीच नाही.
मग तीन.
इतकं हळू, की वाचणाराच म्हातारा होतो.
'पाणी मुरत नाहीये कुठं,' बाप म्हणायचा.
संशय त्याला तेवढाच.
एकतिसाव्या विहिरीवरच्या घरात कॉफी खारट लागली,
तेव्हा दोन दिवस सगळे
एकमेकांच्या साखरेच्या डब्यात बोट घालत होते.

आता उलटी वरात.
करवती आल्या. समुद्राकडच्या टेकडीला
मुद्दाम खिंड पाडली, वाऱ्यानं आत यावं म्हणून.
आजीची रांग पहिल्याच दिवशी गेली.
खोडावरची वर्तुळं मी मोजली नाहीत.
मोजणं हा माझा धंदा आहे, तरी.
वाळू परत चालायला लागली,
सायकलच्या साखळीत, उशीच्या अभ्र्यात, पावात.

तिसऱ्या हिवाळ्यात म्हाताऱ्या आउक्येच्या तळघरात
घोटाभर पाणी.
बटाटे तरंगतायत, बरण्यांतली नाशपाती तरंगतायत,
आणि ती जिन्यावर उभी, मला शिव्या घालत,
जणू मीच हंड्यानं आणून ओतलं.
मग वाकली. बोट बुडवून जिभेला लावलं.
'गोडं आहे,' म्हणाली,
आणि आणखीच चिडली.
खारं असतं तर समुद्राशी भांडता आलं असतं.

आज अठ्ठावीस.
नळी वाळूत बुजत आली होती,
गुडघे टेकून हातानं उकरली.
घंटा सोडली. श्वास धरतेय तोवरच:
डुब.
बापाच्या शेवटच्या आकड्याहून तीन विती वर.

समुद्रही चढतोय म्हणतात.
मग ही वीत धरायची कुठून?
आकड्याशेजारी प्रश्नचिन्ह काढलं,
आणि लगेच खोडलं.
बापाच्या वहीत तसलं काही नसतं.
पण खोडरबराखाली कागद चुरगळला थोडा,
तो दिसतो,
उन्हाकडे धरला तर.